पुकारा झाला तेव्हा

प्रेमराज भदाण्यांना तालुक्यात कोणी मोठा वकील म्हणत नसे, आणि त्यांनाही त्याचं फारसं वाईट वाटत नसे. सातपुड्याच्या पायथ्याचं कोर्ट ते. बांधावरची भांडणं, पोटगीचे अर्ज, मोहाच्या दारूच्या केसेस, जंगलातल्या लाकडाच्या केसेस. असल्या कामात नाव होत नाही, घर तेवढं चालतं. दोंडाईच्याजवळच्या खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला घर चाललं तरी खूप झालं. त्यांना हौस होती ती एकाच गोष्टीची. वकील संघाची.

हौस म्हणजे किती? तर बार रूमची किल्ली त्यांच्या खिशात. पाण्याच्या मशीनला गळती लागली की प्लंबर आणणार भदाणे, नवीन न्यायाधीश आले की हार आणणार भदाणे, संघाची निवडणूक आली की रुसलेल्यांच्या घरी चहाला जाऊन बसणार तेही भदाणेच. अध्यक्ष बदलत गेले, सचिव मात्र तेच राहिले. आणि त्यांची खरी कला होती ठराव लिहिण्याची. कोर्टातल्या युक्तिवादात अडखळणारा हा माणूस ठराव लिहायला बसला की हात थांबत नसे. स्वागताचा, निषेधाचा, अभिनंदनाचा, कशाचाही असो. लोक म्हणायचे, ठराव लिहावा तर भदाण्यांनीच.

सर्वांत जास्त लिहिले गेले ते शोकाचे. ही तिथली रीतच. एखादा वकील गेला की सकाळी सगळे बार रूममध्ये जमायचे, दोन मिनिटं उभे राहायचे, ठराव व्हायचा, आणि मग त्या दिवशी कोणी कोर्टात पाऊल टाकायचं नाही. सुरुवातीला हे संघाच्या सभासदापुरतं होतं. पुढे सभासदाचे वडील गेले तरी व्हायला लागलं. मग धुळ्याचे कोणी गेले, जळगावचे कोणी गेले, तरीही. संप म्हणायचं नाही, कारण वकिलांनी संप करू नये असं वरच्या कोर्टांनी कितीदा बजावलेलं. म्हणून भदाण्यांनी लिहायचं, ‘सर्व सभासद आज कामकाजापासून अलिप्त राहतील.’ खाली विनंती, की गैरहजेरीमुळे कोणाविरुद्ध प्रतिकूल आदेश होऊ नये. त्याची प्रत न्यायाधीशांच्या टेबलावर जायची, ते वाचून सुस्कारा सोडायचे आणि दिवसभर तारखा देत बसायचे. जंगलातल्या पाड्यांवरून पहाटेपासून निघालेली माणसं वऱ्हांड्यात चहा पिणाऱ्या काळ्या कोटांची गर्दी पाहूनच ओळखायची. एकमेकांना विचारायची, आज कोण गेलं?

या रिवाजाला नाक मुरडणारा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे भदाण्यांचे गुरू सुपडूअण्णा बोरसे. अण्णा एके काळी राज्याच्या वकील परिषदेवर निवडून गेले होते. राज्यभरातल्या वकिलांच्या मतांवर निवडून येणारी ती परिषद. वकिलाची सनद देणारी तीच, राज्याची नामावली ठेवणारी तीच, म्हाताऱ्या-आजारी वकिलांच्या कल्याण निधीचं पाहणारी तीच, आणि वकिलाविरुद्ध तक्रार आली तर तीन माणसांची समिती बसवून त्याला जाब विचारणारीही तीच. तालुक्यातला संघ वेगळा, ती परिषद वेगळी. लोक दोन्हींना बारच म्हणतात. अर्धे वकीलही म्हणतात.

अण्णा भदाण्यांना सांगायचे, “अरे पेमा, संघ म्हनजे आपलं घर शे. घरमा बठ्ठा आपलाच ऱ्हातस. परिषद म्हनजे चावडी. तठे दुसरानं बी ऐकनं पडस.”

भदाणे हसून म्हणायचे, “अण्णा, तुमनं काम मोठं, आमनं घर बरं.”

“घर बरं, पन घरमा बसीसन दुसराना पोटले मार नको.”

भदाणे मान डोलवायचे आणि संध्याकाळी पुढचा ठराव लिहायचे. त्यांना अण्णांचं म्हणणं कळत नव्हतं असं नाही. पण संघात त्यांना जी किंमत होती ती दुसरीकडे कुठे नव्हती, आणि माणूस किंमत असेल तिथेच जास्त बसतो.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनाला लागून राहिली होती. आदल्या वर्षी जादा कोर्टाच्या मागणीसाठी संघानं कामकाज बंद ठेवलं. त्या दिवशी सारिका सिसोदे नावाची नवखी वकील सरळ आत गेली. तिची पक्षकार जामनेरहून तान्हं मूल घेऊन पोटगीसाठी आली होती, तिला परत कसं पाठवू, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी संघाची नोटीस निघाली. ‘सभासदांच्या एकोप्यास बाधा आणणारे वर्तन.’ शब्द भदाण्यांचे, सही भदाण्यांची. बार रूममधली तिची खुर्ची बाहेर गेली, तिच्याशी कोणी बोलेना, तिच्याबरोबर कोणी चहा घेईना. महिनाभर तिनं वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून काम केलं आणि मग जळगावला लॉ कॉलेजात शिकवायला निघून गेली. जाताना तिनं भदाण्यांना नमस्कार केला. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

अशा या सचिवाकडे कस्तुरा आली ती होळी होऊन गेल्यावर, उन्हं तापायला लागली तेव्हा.

कस्तुराचा मुलगा ईश्वर धुळ्याच्या जेलमध्ये होता. वनजमिनीवरच्या नांगरटीवरून वनरक्षकांशी झटापट झाली, त्यात एका वनरक्षकाच्या डोक्यात काठी बसून त्याचा एक डोळा गेला. काठी ईश्वरची की आणखी कोणाची, हे ठरायचं होतं. पण जिवे मारण्याच्या प्रयत्नाचं कलम लागलं आणि जामीन दोनदा नाकारला गेला. दोन्ही वेळा वकील भदाणेच. त्यांनी मेहनत केली नव्हती असं नाही. कस्तुराला तीन मुली, त्या सासरी, आणि हा एकच मुलगा. ती पावरा आदिवासी, तिचं बोलणं पावरी; बाजारापुरती अहिराणी यायची.

ती कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली उकिडवी बसली आणि म्हणाली, “वकीलभाऊ, म्हातारा मरी ऱ्हायना.”

म्हातारा म्हणजे ईश्वरचा बाप, ठाकऱ्या. छातीच्या आजारानं अंथरुणाला खिळलेला. सरकारी दवाखान्यानं ‘घरी घेऊन जा’ म्हणून सांगितलं होतं, आणि ते कशासाठी सांगतात हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक असतं.

“ईश्वर, ईश्वर करस. पानी बी नही पेस. पोऱ्याले एकदाव दखाडी द्या, भाऊ. मंग लई जा तेले परत. आम्ही काय धरी ठेवतस का तेले?”

भदाण्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला. त्यांनी तिथेच बसून अर्ज लिहिला. बाप मरणाला टेकला आहे, मुलाला पोलिसांच्या बंदोबस्तात एका दिवसासाठी गावी न्यावं, भेट घालून परत आणावं. दवाखान्याचा कागद जोडला. ठराव लिहिताना यायची तशी ओळीमागून ओळ आज त्यांना अर्ज लिहितानाही आली. वकीलपत्रावर कल्याण निधीचं तिकीट लावलं, कस्तुराचा अंगठा घेतला आणि दुपारीच अर्ज न्यायाधीश मॅडमपुढे ठेवला.

मॅडमनी तो दोनदा वाचला. “पोलिसांकडून चौकशी करून घेते. उद्या सकाळी रिपोर्ट येईल. उद्या पहिलंच प्रकरण हे घेते, भदाणे.” आणि पोलिसांच्या माणसाला म्हणाल्या, “गाडी तयार ठेवा.”

एवढं बोलणं त्या कोर्टात सहसा होत नाही. भदाणे बाहेर आले ते जवळजवळ धावतच. कस्तुराला म्हणाले, “उद्या व्हई जाई. सकायले कोर्टमाच ये.”

पाडा लांब. संध्याकाळच्या गाडीनं गेलं की सकाळी वेळेवर परत पोचणं कठीण. कस्तुरानं विचार केला, आता आलेच आहे, तर पोराला घेऊनच जाऊ. ती एसटी स्टँडवर थांबली. म्हाताऱ्यापाशी शेजारच्या बाया होत्या.

त्याच संध्याकाळी धुळ्याहून फोन आला, की सुपडूअण्णा गेले.

भदाणे रडले. वयानं पिकलेलं पान, कधीतरी गळायचंच, हे कळत असूनही रडले. बापानं शिकवलं नाही ते अण्णांनी शिकवलं होतं. वकिलीचा कोट पहिल्यांदा अण्णांनीच त्यांच्या अंगावर चढवला होता. बायकोनं पाणी आणून दिलं, तेवढ्यात संघाचे अध्यक्ष धनसिंग राजपूत यांचा फोन.

“सकाळी शोकसभा. काम बंद. ठराव तुम्हीच लिहायचा भदाणे, शिष्य तुम्ही त्यांचे.”

“लिहितो,” भदाणे म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “धनसिंगभाऊ, माझा एक अर्ज आहे उद्या. पहिलाच आहे. पाच मिनिटांचं काम…”

“अहो, सगळ्यांचेच अर्ज असतात.” धनसिंग चिडले नव्हते, समजावत होते. “सारिकाच्या वेळी तुम्हीच काय लिहिलं होतं? आणि गुरू तुमचे. तुम्हीच आत गेलात तर उरलेल्यांना मी कोणत्या तोंडानं थांबवू?”

भदाण्यांकडे याचं एक उत्तर होतं. ते सारिकानं आदल्या वर्षी दिलं होतं आणि त्यांनीच ते फेटाळलं होतं.

सकाळी बार रूम गच्च भरली. अण्णांच्या फोटोला हार घातला. भदाणे बोलायला उभे राहिले आणि गहिवरून बोलले. “अण्णांनी आयुष्यात एकाही पक्षकाराचा पुकारा रिकामा जाऊ दिला नाही. अंगात ताप असो, घरात लग्न असो, पुकारा झाला की अण्णा उभे.” बोलता बोलता ते वाक्य अर्धंच सोडून खाली बसले. ऐकणाऱ्यांना वाटलं दुःखानं बसले. दुःख होतंच, पण त्यांना त्या क्षणी कोर्टाच्या दारापाशी बसलेली कस्तुराही आठवली होती. मग ठराव वाचला गेला, एकमतानं मंजूर झाला, प्रत आत गेली, आणि सगळे वऱ्हांड्यात येऊन उभे राहिले. भदाण्यांनी गळ्यातली पांढरी पट्टी काढून खिशात ठेवली.

कस्तुरा उठून समोर आली. “चला ना, भाऊ.”

“आज काम नही, माय. आमना अण्णा गयात. उद्या सकायले करूत.”

“कोन मरी गया?”

“मोठला वकील व्हतात.”

 कस्तुराला खरोखरच उलगडा होईना. “मना म्हातारा ते आजून जित्ता शे, भाऊ,” ती म्हणाली.

तेवढ्यात पट्टेवाल्यानं दारात येऊन हाळी दिली. “ईश्वर ठाकऱ्या पावरा!” एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. भदाणे उंबऱ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. दार उघडं होतं. मॅडमना ते दिसत होते आणि त्यांना मॅडम.

“अर्जदारातर्फे कोण?”

कोणी नाही. कस्तुराच पदर सावरत आत गेली आणि हात जोडून उभी राहिली. संघाच्या ठरावातून सरकारी वकील सुटे असायचे; त्यांनी पोलिसांचा रिपोर्ट वाचला. ठाकऱ्या पावरा यास समक्ष भेटलो असता तो शेतात काम करताना आढळला, प्रकृती ठणठणीत, सबब अर्ज खोटा आहे.

भदाण्यांच्या लक्षात काय घोटाळा झाला ते तिथल्या तिथे आलं. पोलीस वरच्या पाड्यावर जाऊन आले होते. तिथे दुसरा ठाकऱ्या. त्या पट्ट्यात दर पाड्यावर एक तरी ठाकऱ्या असतोच. खालच्या पाड्यावर कोणी गेलंच नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. मॅडम, हा तो ठाकऱ्या नव्हे, दवाखान्याचा कागद पाहा. एवढंच.

“बाई, तुमचा नवरा बरा आहे म्हणतात,” मॅडम म्हणाल्या. “काय म्हणायचंय तुम्हाला?”

कस्तुरा घाबरली आणि पावरीत बोलायला लागली, भराभर, रडत. कोणाला काही कळेना. मॅडमनी पुन्हा दाराकडे पाहिलं.

भदाण्यांचा पाय उचलला गेला होता, हे खरं आहे. पुढे कित्येक रात्री त्यांना तो उचललेला पाय आठवायचा. पण मागून धनसिंगांचा हात खांद्यावर पडला. “भदाणे, चहा घ्या.” आणि भदाण्यांनी पाय खाली ठेवला, वळले आणि चहाचा ग्लास हातात घेतला. कोणी त्यांना धरून ठेवलं नव्हतं. कोणी धमकी दिली नव्हती. चहा दिला होता.

आत मॅडमनी लिहिलं, वकील गैरहजर, प्रकरण उद्या. प्रतिकूल आदेश करू नये ही ठरावातली विनंती त्यांनी मान्य केली होती.

दुसऱ्या दिवशी भदाणे सगळ्यांच्या आधी कोर्टात हजर. उभे राहून बोलले, दोन पाड्यांचा घोळ सांगितला, आणि मॅडमनी लगेच आदेश केला. पण ठाकऱ्या आदल्या दिवशीच दिवेलागणीला गेला होता. त्या रात्री कस्तुरा हात हलवत पाड्यावर पोचली तेव्हा बाया दारात बसून रडत होत्या. म्हणजे मुलगा भेटला नाही तो नाहीच, आणि मुलाला आणायच्या नादात बायकोही शेवटच्या क्षणी जवळ नव्हती. पाड्यानं ईश्वरसाठी रात्रभर मढं ठेवलं, दुसरा दिवस अर्धा ठेवलं. मग उन्हापुढे इलाज चालेना. चुलतभावानं अग्नी दिला.

पोलिसांची गाडी संध्याकाळी पोचली. भदाणेही आले होते. का आले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. राख अजून धुमसत होती. ईश्वरच्या हातातली बेडी शिपायानं काढली, तो राखेपाशी जाऊन बसला. मग भदाण्यांकडे न पाहताच त्यानं कारण विचारलं, “काल काब्र नही लयनात माले?”

भदाण्यांनी तोंड उघडलं. त्यांच्याआधी कस्तुरा बोलली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, जशी हकीकत तशी सांगितली.

“काल तेसना वकील मरी गयथा.”

पुढे परिषदेकडे तक्रार गेली ती सारिकानं लिहून दिली. कस्तुरा विचारत विचारत जळगावला तिच्याकडे पोचली होती. एखाद्याला वाटेल की सारिकानं जुना दावा साधला. भदाण्यांनाही वाटलं, पण तक्रार वाचल्यावर वाटेनासं झालं. तीत ना एकही विशेषण, ना एकही शिवी. काय झालं तेवढंच होतं, आणि ते सगळं खरं होतं.

संघ पेटून उठला. सचिवावर तक्रार म्हणजे संघावर तक्रार. धनसिंगांनी स्वतः बसून उत्तर तयार केलं. ठराव एकमताचा होता, न्यायालयानं प्रतिकूल आदेश केलेला नाही, दुसऱ्याच दिवशी अर्ज मंजूर झाला, सबब अशिलाचं कोणतंही नुकसान झालेलं नाही. भदाण्यांनी ते शेवटचं वाक्य वाचलं आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला.

परिषदेचं काम सावकाश चालतं. नोटीस, उत्तर, तारखा यात वर्ष सरलं. ईश्वर जेलमध्येच होता, खटल्याला सुरुवातही नव्हती. भदाण्यांनी त्याचं वकीलपत्र सोडलं. तक्रार करणाऱ्याचंच काम कसं चालवणार? कायदेशीर मदतीतून पंडित नावाचा तरुण वकील त्याला मिळाला.

शेवटी मुंबईला समितीपुढे सुनावणी झाली. तीन सदस्य टेबलापलीकडे. अलीकडे एका बाजूला भदाणे, दुसऱ्या बाजूला कस्तुरा आणि तिचं बोलणं समजावून सांगायला सारिका. एके काळी अण्णाही असेच पलीकडे बसले असतील, असं भदाण्यांच्या मनात आलं, आणि त्यांना वर पाहवेना.

समितीच्या अध्यक्षांनी कस्तुराला विचारलं, “तुमचं म्हणणं काय आहे? काय करायचं यांचं?”

“माले काय करनं शे तेसनं?” कस्तुरा म्हणाली. “तो दिन हाई वकील दारमा उभा व्हतात. मी दखेल शे तेसले. मधमा काब्र नही उनात, तेवढं ईचारा.”

अध्यक्षांनी भदाण्यांकडे पाहिलं. “आत का नाही गेलात?”

पिशवीत धनसिंगांचं उत्तर होतं. भदाण्यांनी पिशवीला हात लावला नाही. उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता बोलले. “ठराव मीच लिहिला होता. रिपोर्ट चुकीचा आहे हे मला दारात ऐकू आलं होतं. दार उघडं होतं, साहेब. माझ्या लोकांत माझी किंमत जाईल, याची भीती वाटली. दुसरं कारण नाही.”

समितीनं त्यांची सनद सहा महिन्यांसाठी निलंबित केली. त्या मुदतीत कोणत्याही कोर्टात वकील म्हणून उभं राहायचं नाही. अपील करा म्हणून धुळ्यापर्यंतच्या मित्रांचे फोन आले. भदाण्यांनी कोट धुऊन कपाटात ठेवला. मुंबईहून परतताना सोनगीरला गाडी चहाला थांबली होती तेव्हा त्यांना कितीतरी महिन्यांनी भूक लागली होती, आणि त्यांना वाटलं होतं की आता हे मिटलं.

मिटलं नव्हतं. आठवड्याभरानं धनसिंग घरी आले, बरोबर चार जण. भदाण्यांनी समितीपुढे जे बोलायला नको ते बोलून टाकलं म्हणून संघ आधी रागावला होता, पण मग सगळ्यांनी मिळून तो राग परिषदेवर ढकलला होता. धनसिंग म्हणाले, “तुम्ही भोळे. तुमच्या भोळेपणाचा फायदा घेतला त्यांनी. आम्ही गप्प बसणार नाही. सोमवारी निषेध. सगळे कामकाजापासून अलिप्त. ठराव तुम्हीच लिहून द्या, तुमच्यासारखं कोणाला जमत नाही.”

भदाण्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. “सोमवारी कोर्टाच्या बोर्डावर कोणतं प्रकरण आहे, पाहिलंत का?”

“काय?”

“ईश्वर पावराचा जामीन. पंडितनं अर्ज टाकलाय. खटला अजून सुरूच झाला नाही, या मुद्द्यावर या वेळी मिळेल. धनसिंगभाऊ, सोमवार सोडा. मंगळवारी करा, महिनाभर करा, पण सोमवार नको. हात जोडतो.”

“अहो, तुमच्यासाठीच करतोय ना आम्ही!” धनसिंगांचे डोळे खरोखर भरून आले होते. “तुम्ही आमचे आहात, भदाणे.”

भदाण्यांनी ठराव लिहून दिला नाही. दुसऱ्या कोणी लिहिला. वाईट लिहिला होता, पण एकमतानं मंजूर झाला. ते पंडितच्या घरी गेले. त्या पोरानं दारातच मान खाली घातली. “सर, मी नवा आहे. मला इथेच राहायचंय.” भदाणे त्याला काय सांगणार होते? त्याच्या वयाच्या सारिकाचं काय झालं, ते पंडितनं ऐकलेलं होतं, आणि ते ज्यांनी केलं तेच आता त्याच्या दारात उभे होते.

सोमवारी भदाणे कोर्टात गेले. साधा पांढरा सदरा, कोट नाही, गळ्यात पट्टी नाही. वऱ्हांड्यात सगळे उभे होते. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. भदाणे त्यांच्यामधून वाट काढत गेले आणि उंबरा ओलांडून आत जाऊन मागच्या बाकावर बसले, जिथे पक्षकार बसतात तिथे. दोन बाकं पुढे कस्तुरा होती. या वर्षभरात तिचे केस पांढरे झाले होते.

पुकारा झाला. “ईश्वर ठाकऱ्या पावरा!”

“अर्जदारातर्फे कोण?” मॅडमनी विचारलं.

कस्तुरा उठली. आणि मागे भदाणे उठले.

मॅडमनी चष्मा काढला. “भदाणे, तुम्हाला बोलता येणार नाही.”

“ठाऊक आहे, मॅडम.”

“मग?”

“पुकारा झाला, म्हणून उठलो.”

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. सरकारी वकिलांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग मॅडमनी पेन उचललं आणि पुढची तारीख लिहिली. प्रकरणाच्या कागदांच्या बस्त्याची नाडी बांधली जाईपर्यंत भदाणे तसेच उभे होते.

बाहेर चहा फिरत होता. “या, भदाणे,” धनसिंगांनी हाक मारली. भदाणे थांबले नाहीत. कस्तुरा फाटकाबाहेर पडून स्टँडच्या रस्त्याला लागली होती, आणि तिला तारीख सांगायला कोणी आलं नव्हतं. भर उन्हात धापा टाकत त्यांनी तिला गाठलं.

“पुढला महिनामा शे, माय. अमावस्या व्हई गई की तिसरे दिन. याद ठेव.”

कस्तुरा थांबली. तिनं मनाशी दिवस धरला. मग त्यांच्याकडे पाहून तिनं विचारलं, टोमणा म्हणून नाही, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून, “त्या दिनले कोन मरनार शे, भाऊ?”